पालकाची सही

माझं काम लेखनिकाचं.
खणभागातल्या आमच्या शाळेत अकरा वर्षं
नावं, जन्मतारखा, दाखले.
एक काना चुकला तर पोर जन्मभर
तहसीलच्या पायऱ्या चढतं, एवढं मला कळतं.

प्रांजली बंडगर, सातवी ब,
शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खिडकीशी.
कोपऱ्यावर हळदीचा पिवळा अंगठा :
आत्या मार्केट यार्डात, वखारीत कामाला,
तिनं घाईत सही केलेली.
आत्याची चालत नाही गं, मी म्हटलं.
वडील : मयत.
आई : नाव.
व्यवसाय : बाहेरगावी.

बाहेरगावी हा व्यवसाय होत नाही
हे मी तिला सांगायला हवं होतं.
शाळेच्या फाटकातून चालत
ते बाहेरगाव पंधरा मिनिटांवर.
भर गावात तुरुंग आमचा,
समोर रसवंती, झेरॉक्स, चपलांचा गाडा,
आणि ही पोरगी रोज तिथं आली की
रस्ता ओलांडून पलीकडनं चालते.
मी एकदा पाहिलं होतं.
पाहिलं नाही असं केलं होतं.

शनिवारी अर्धी रजा टाकून मीच गेले.
मुलाखतीच्या रजिस्टरात नात्याचा रकाना.
बहीण, दीर, वकील, वरच्या ओळींत.
"तुम्ही कोण लागता?"
मी लिहिलं : शाळा.

जाळीआड ती आली.
"गणितात किती पडले?"
ब्याण्णव, म्हटल्यावर
शेजारच्या शिपाईबाईंकडे वळून म्हणाली,
"ब्याण्णव."

अर्ज आत गेला.
सवयीनं तिनं आधी 'सौ.' लिहिलं.
थांबली.
मग त्यावर एक आडवी रेघ ओढली
आणि पुढं नाव लिहिलं, जोर देऊन.
त्या रात्री काय झालं ते कोर्ट ठरवील.
माझ्या अर्जात तो रकाना नाही.

साहेबांनी शिक्का पॅडवर दोनदा दाबला,
उचलला,
आणि मी हात मध्ये घातला. खरोखरच.
"इथं नको, साहेब."
"बंद्याची सही शिक्क्याशिवाय बाहेर जात नाही, बाई."
"बंदी तिची आई आहे. अर्ज पोरीचा आहे.
हा पंचायत समितीत जाणार, तिथनं पुण्याला,
ह्याची झेरॉक्स तिच्या फायलीत पिवळी पडणार,
उद्या कॉलेजात कुणी उघडणार, नोकरीत कुणी.
आईचा निकाल अजून लागायचाय.
पोरीवर तर कलमच नाही."
आवाज चढला माझा. कायदा मला येत नाही,
रकाने येतात.

बराच वेळ पंखा फिरला.
मग त्यांनी कोरा कागद ओढला,
सही माझ्यासमोर झाली असं लिहिलं
आणि शिक्का त्यावर मारला,
माझ्या फायलीसाठी, कपाटात राहणारा.
मनगटावर मात्र माझ्या अर्धा उमटला होता :
'हा कारागृ'.
साबणानं दोन दिवस गेला नाही.
बसमध्ये मी बाही ओढून बसले.
दोनच दिवस.

सोमवारी प्रांजलीनं अर्ज हातात घेतला,
वाचला नाही. उलटा केला
आणि मागनं बोट फिरवलं
बॉलपेनचे उठाव चाचपत.
रेघेशी बोट थांबलं. मग पुढं गेलं.
"आई दाबून लिहिते," म्हणाली.
"वहीची पुढची तीन पानं उमटायची."

"बाई, हे व्यवसायाचं खोडू?"
मी पांढरी शाई पुढं केली.
वाळेपर्यंत फुंकर मारत राहिली,
मग लिहिलं : शिवणकाम.

खरंच होतं ते.
तिच्या स्कर्टच्या काठाला आत
चार बोटं कापड दुमडून टीप मारलेली,
पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी
उसवून सोडण्यासाठी.

मी आवक क्रमांक टाकला.