बोटाक खुपता

ओहोटीला तारामुंबरीच्या बंदरात
होड्या कुशीवर पडलेल्या असतात,
आणि द्वारका आत्या शेडच्या सावलीत
पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून बसते.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तरी पट्टीवर धागा चढतो, लाकडी सुई फिरते,
गाठ बसते. मग पुढची.

"दिसत नाही, तर चुकलेलं कळतं कसं?"
"डोळे कित्याक व्हये? चुकलेली गाठ बोटाक खुपता."
एक घर मागे जाते, सोडवते, पुन्हा बांधते.
शिवीसुद्धा न देता.

मी देवगडला अकरावीला जीवशास्त्र शिकवते.
फळ्यावर पिळाची शिडी काढून सांगितलं,
पेशी अक्षरं वाचत नाही, तिथं उजेडच नसतो.
ए समोर टी, जी समोर सी.
जोडी जुळली तर खाचेत बसते,
नाही तर हात अडखळतो,
एक पाऊल मागे, खुडायचं, परत लावायचं.
त्यातूनही निसटलेलं शोधत मागून आणखी कुणी येतं.

"पण बाई," मागच्या बाकावरची तन्झीला मुकादम,
"दोन धाग्यांतला चुकलेला कुठला, हे कोण ठरवणार?"
पुस्तकातलं उत्तर लांबलचक होतं.
मी आत्याचं दिलं:
जुना धागा समुद्रानं काळवंडलेला असतो,
नवा अजून मिठाला भेटलेला नसतो.
संशय आधी नव्यावर.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून रिपोर्ट आला.
आत्याच्या छातीतली गाठ, आणि तिच्या मुळाशी
सतराव्या गुणसूत्रावरचं एक अक्षर.
तिच्या आईचं असेल, किंवा त्याही आधीच्या कुणाचं.
बाबांनीही वाहिलं असेल, ट्रॉलरवरची वीस वर्षं,
डिझेलच्या वासात, कुणाला न सांगता,
कारण त्यांना ठाऊकच नव्हतं.
आता दोन्ही धागे सारखेच काळवंडलेले.
त्या अक्षराची नक्कल इतक्या नेमानं झाली
की कुठल्याच बोटाला काही खुपलं नाही.
चूक एकदाच झाली होती.
त्यानंतर नुसता अचूकपणा.

माझं रक्त परवा घेतलं.
तीन आठवडे लागतील म्हणाले.

"हयसर बस गो," म्हणत आत्या पट्टी हातात देते.
माझी पहिली गाठ अंगठ्यानं चाचपते,
बराच वेळ,
आणि सोडवते.
पाणी शेडच्या पायरीला लागलंय.
"परत घाल."