पट

टाय शिवते मी. तांडापेठेत, घरीच.
मरून कापड, पिवळा पट्टा, मागे इलॅस्टिक,
डझनाला अठरा रुपये.
कोणत्या कॉन्व्हेंटचा कोणता रंग, सगळं पाठ.
उरलेल्या तुकड्यांची साडी
तृषाली बाहुलीला नेसवायची.

सोडतीचा मेसेज येईल म्हणून
मोबाइल उशाशी घेऊन झोपलो तीन आठवडे.
आला नाही.
मग मरून रंगाच्या कॉन्व्हेंटमध्ये गेलो,
मी लग्नातली साडी, यानं इस्त्रीचा शर्ट.
पोरीला नाव विचारलं, तिनं सांगितलं.
मग आम्हाला विचारलं, शिक्षण?
यानं बारावी सांगितली.
आवाज नववीचाच निघाला.
मी भिंतीकडे पाहत होते. फोटोत पोरं ओळीनं उभी,
गळ्यात माझी शिलाई.
तिसऱ्या पोराचा पट्टा वाकडा गेलेला,
त्या रात्री तृषालीला ताप होता.

बावीस हजार. व्हॅन वेगळी.
टाय आमच्याकडूनच घ्यावा लागेल, एकशे चाळीस.

एप्रिल सरताना, दुपारी दीडला, दार वाजलं.
त्या वेळी आमच्या गल्लीतलं कुत्रंही
कूलरखालच्या ओलीतून हलत नाही.
डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात वही,
मनपा शाळेच्या सहारे मॅडम.
आधी पाणी मागितलं.
दुसरा ग्लास संपल्यावर म्हणाल्या,
घरी सहा वर्षांचं कोणी?
वहीत अठरा नावं होती.
वीस झाली नाहीत तर शाळा उचलून
रेल्वेलाइनच्या पलीकडे नेतील,
हेही सांगून टाकलं.

जाऊ म्हणाली, पोट्टीचं नुकसान करून राहिली तू.
तिचा पोरगा सेव्हनचा टेबल धडाधड म्हणतो,
सात आठे विचारलं की आईकडे पाहतो.

हा म्हणाला, मी तिथंच शिकलो न.
म्हणूनच नाही म्हणून राहिलो.
काय वाईट होतं, विचारलं,
तर कूलरची मोटर ठोकत बसला बराच वेळ.
मग म्हणाला, चार वर्षांत
नावानं हाक मारली नाही कोणी. ए, खिडकीजवळचा.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, घरच्या साडीत.
आधी पोरींचं संडास पाहिलं.
आत जाऊन कडी लावून पाहिली.
लागली.
नळाला पाणी होतं, करंगळीएवढं.
फळ्यावर पोरांनी लिहिलं होतं, काल घरी काय शिजलं:
मुनगा, पातोडी, मॅगी, काही नाही.
मुनग्याचा मु दीर्घ झालेला,
मॅडमनी शेजारी बरोबरचा लिहिला, चुकलेला पुसला नाही.
'काही नाही' कोणाचं, ते विचारावंसं वाटलं.
खिडकीचं एक दार वाऱ्यानं आपटत होतं,
सुतळीनं बांधून ठेवलेलं, तरी.

मे महिनाभर घरात त्यावर बोलणं नव्हतं.
जूनमध्ये यानंच फॉर्म आणला.
पालकाचं शिक्षण या रकान्यात
पेन टेकवून थांबला,
मग लिहिलं, नववी नापास.
तृषालीचा नंबर एकोणीस.

पहिल्या दिवशी ती विचारते, माझ्या शाळेचा टाय कोणता?
नाही म्हटल्यावर गप्प.
मग चुकलेल्या मालातला एक उचलला, दप्तरात घातला.
मी पाहिलं, बोलले नाही.

दुपारी घ्यायला गेले.
पोरं बाहेर सांडलेली, ती त्यात,
एका पोराशी कशावरून तरी भांडत.
मागे वर्गात खिडकीची सुतळी गेली होती,
दाराच्या कडीला माझा टाय.
वारा आला की इलॅस्टिक ताणतं,
दार जरासं उघडतं, परत येतं,
आपटत नाही.

पट अजून एकोणीसच आहे.
मॅडम संध्याकाळी पुन्हा वही घेऊन निघतात,
परवा मीही गेले सोबत, पाचपावलीपर्यंत.
मरूनची ऑर्डर आली आहे, चाळीस डझन.
रात्री मशीन थांबवून कधी कधी
एकोणीसपासून पुढे मोजू लागते.
हे जावेला सांगितलेलं नाही.