गुंजभर

"शेवटची पाळी कधी आली?"
रुबिना विचारते, नजर फॉर्मवर.
हा आवाज माझाच. मीच तिला शिकवलाय:
दारातच विचारायचं, गाऊन हातात देण्याआधी,
बरोबर आलेल्यांना बाकावर बसवून;
आणि बाई "आठवत नाही" म्हणाली
तर कॅलेंडर काढायचं, फोटो नाही.

"आज सातवा दिवस," मी सांगते. "दहाच्या आत. लिही."
हर्षला पोतदार, वय छत्तीस.
परळच्या या तळघरात बारा वर्षं
काचेपलीकडून बायका आडव्या झालेल्या पाहिल्या,
टेबल इतकं गार असतं
हे एकीनेही सांगितलं नव्हतं.

नळ्या मोकळ्या आहेत का, एवढंच बघायचंय.

फणसवाडीत मात्र प्रश्न निराळा.
सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत,
फक्त माझे ड्युटीचे कपडे
वेगळ्या बादलीत भिजू लागले.
"किरणं अंगाला लागून येत असतील," एकदा म्हणाल्या.
मी म्हटलं, दिवा मालवल्यावर
उजेड भिंतीला चिकटून राहतो का?
त्या "नाही" म्हणाल्या.
बादली वेगळीच राहिली.
आणि आता हा फोटो,
जिथे काही रुजायला हवं नेमका तिथेच?

मी कपाटातून कागद काढले.
छातीवरच्या बिल्ल्याचा हिशेब, दर तीन महिन्यांनी एक,
अठ्ठेचाळीस.
बहुतेकांवर शून्य,
काहींवर शून्य, टिंब, आणि टिंबापुढे किरकोळ काहीतरी.
सासूबाईंनी चष्मासुद्धा लावला नाही.

अप्पांनी लावला.
दुकान बंद करून आठ वर्षं झाली
तरी हिशेब दिसला की ते सरसावून बसतात.
"उद्याच्याचा भार किती?"
म्हटलं, ही जमीन, हे आभाळ, आपली हाडंसुद्धा
रोज थोडं थोडं देतच असतात.
उद्याचं म्हणजे त्यातलं काही महिन्यांचं, एकदम.
"वर्षाचा एक तोळा धरला तर?"
"पाच-सहा मासे."
"आणि ह्या एकेका कागदाचं?"
"गुंजभर. बऱ्याचदा तेवढंही नाही."

ते उठले. पेटी काढली.
एका पारड्यात तोळ्याचं वजन,
दुसऱ्यात एक लाल गुंज, काळ्या डोळ्याची.
"इकडे ये गं," सासूबाईंना म्हणाले,
"बघ, पारडं हलतंय का ते."
पुढे अवाक्षर नाही.
सोनारानेच कान टोचावेत, म्हणतात.
त्यांनी गिरगावातल्या हजार पोरांचे टोचले असतील,
मांडीवर घेऊन, बत्तासा हातात देऊन.
पेटीच्या कोपऱ्यात सोन्याची बारीक तार होती,
वळवून ठेवलेली, दोन इवल्या कानांपुरती.
मला दिसली हे त्यांना दिसलं
आणि झाकण जरा घाईने लागलं.

आज सकाळीही बादल्या दोनच होत्या.
पण सासूबाई म्हणाल्या,
"उपाशी जायचं असतं का? विचारलंस का नीट?"

शिशाचा ॲप्रन समोर खुंटीला लटकतोय.
तो आज मला नाही.
जे पाहायचं ते झाकून कसं चालेल.
सगळे आकडे तोंडपाठ आहेत, मासे, गुंजा,
तरी हात आपोआप पोटाकडे गेला
आणि डॉक्टरीणबाईंनी हळूच बाजूला केला.
तेव्हा कळलं, बायका मला पुन्हा पुन्हा
तेच तेच का विचारायच्या,
आणि मी तिसऱ्या वेळी का कंटाळायचे.

"श्वास धरा."
मी धरते.
आत काहीतरी ताणतं, पाळीच्या पहिल्या दिवसासारखं.
मान तिरकी केली की पडद्याचा कोपरा दिसतो:
पांढरा धागा डावीकडे चढतो,
थबकतो,
आणि टोकाला विरघळून सांडतो.
उजवीकडे अजून काळोख.
थांब, तिथेही काही हललं का?

काचेमागे रुबिना पडद्याशी इतकी वाकलीय
की "सोडा" म्हणायचं
विसरून गेलीय.