पाच नंबरचं घर

कंपूच्या चढावर, औषधांच्या दुकानांमागे आमची लॅब:
दीड खोली, एक फ्रीज
आणि अंबाल्याहून मागवलेलं आठ नळ्यांचं सेंट्रीफ्यूज,
मोठ्या पातेल्याएवढं, कडेचा निळा रंग उडालेला.
ग्वाल्हेरात याहून स्वस्त मिळत नव्हतं.

सोमवारी ते फिरेना.
आधी गुरगुरलं, मग गप्प.
बाहेर बाकावर अकरा जण, सगळे उपाशीपोटी.
अजून कोणाची शीर धरली नव्हती मी;
काढलेलं रक्त वाट पाहत नाही.
मफलरवाले आजोबा म्हणाले, "किती वेळ, बेटा?"
"होतंच आलं," म्हटलं. होत काहीच नव्हतं.

प्लग पाहिला. फ्यूज पाहिला.
झाकणाखालची कळ बोटाने दाबून पाहिली.
मग तळाचे चार स्क्रू. तीनच निघाले,
चौथा मुळात नव्हताच.
म्हणजे माझ्याआधी कोणीतरी
इथवर येऊन गेलं होतं.

आत काजळासारखी पूड,
मोटरच्या दोन्ही अंगांना.
कार्बनचा ब्रश झिजून नखाएवढा,
आणि मागे स्प्रिंग, ढकलतेच आहे,
ढकलायला काही उरलं नसताना.

दौलतगंजात वाइंडिंगवाले हफीजुद्दीन.
तुकडा त्यांनी तळहातावर घेतला,
चष्मा कपाळावर, डोळा बारीक.
"मिक्सीचा बसेल. जरा घासावा लागेल."
पॉलिश पेपरवर चार हात इकडे, चार तिकडे,
फुंकर, पुन्हा दोन हात.
"मोटर कशाची?"
"रक्त फिरवायची."
त्यांनी ब्रशची जोडी कागदात गुंडाळली,
आधी नुसतीच देणार होते.
चाळीस रुपये.

फिरलं.
आठही घरांत पाण्याच्या नळ्या घालून चाचणी घेतली,
अकरा जण दोन फेऱ्यांत उरकतील या हिशोबाने,
तर यंत्र थरथरत टेबलावरून चालू लागलं,
कडेपर्यंत आलं, मी पोटाने अडवलं.
नळ्या तोलल्या. जागा बदलल्या. पुन्हा तेच.

तेव्हा आठवलं:
"पाचात ठेवायची नाही, कुमुद.
आणि पाच रिकामं, तर समोरचं एकही रिकामं."
इंदुमतीताई घोरपडे. बावीस वर्षं सहा-सहा नळ्यांनी
त्यांनी हे शहर तपासलं.
का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही,
दारावरच्या लिंबू-मिरचीसारखं धरून चालले.
गेल्या कार्तिकात त्या गेल्या.

टॉर्च लावून पाचात पाहिलं.
तळाचं रबर नाही.
त्याजागी दाबून बसवलेला बोळा,
चिमट्याने ओढला तर कापूस, काचेची एक कपची
आणि घडी घातलेलं लेबल.
ताईंचं तिरकं अक्षर, शाई तपकिरी:
नाव पुसलेलं, वय चौतीस, खाली "उपाशी".
कधीतरी कोणाची तरी नळी इथे फुटली होती.
त्या बाईला, की बुवाला, ताईंनी
पुन्हा बोलावून पुन्हा टोचलं असेल,
आणि माफी मागितली असेल, की नसेल;
त्यांचा स्वभाव पाहता, नसेलच.

माझ्या जुन्या चपलेची टाच कापली.
रुपयाचं नाणं ठेवून पेनाने गोल,
कात्रीने कातरत कातरत,
दुसऱ्या घरातल्या रबराशी तोलून पाहिली:
जड. अजून एक चंद्रकोर काढली.
आता बरोबर.

आठ पाण्याच्या नळ्या. झाकण. कळ.
बटण हळूहळू साडेतीन हजारांवर.
टेबलावरचा चहाचा कप
हललासुद्धा नाही.

मग एकेकाला आत बोलावलं.
पहिल्या फेरीत आठ.
दुसरीत उरले तीन, म्हणून चौथी नळी पाण्याची.
ती आजोबांसमोर आली, पाच नंबरात,
त्यांच्या रक्ताच्या रेघेइतकीच भरलेली.
लेबल मी फेकलं नाही,
रजिस्टरच्या पुठ्ठ्यात सरकवलं.
चौथा स्क्रू आणायचा राहिलाच आहे.

यंत्र थांबता थांबता लांब श्वास सोडतं तसं वाजलं.
बाहेरून आवाज आला,
"आता तरी खाऊ का काही?"