रिजेक्ट पट्टी

रबाळ्याच्या गाळा नंबर बावन्नमध्ये
माझ्याकडे अंधाराचं खातं आहे.
तपासणीची खोली. दाराला दुहेरी काळा पडदा,
आत एक स्टूल, दोन चिमटे
आणि मी.

पलीकडे मंदाकिनी मढवी जाळीवरून पातं ओढते.
पारदर्शक फिल्मवर जस्ताच्या सल्फाइडचा थर,
त्यात तांबं, इतकं थोडं
की चिमूटही नाही, चिमटीचा वास म्हणा.
त्यावर पांढरा थर, त्यावर चांदीची शाई.
भट्टीतून सुकून येते तेव्हा पट्टी
पत्त्याएवढी जाड,
आणि मुकी.

मी चिमटे लावते.
इन्व्हर्टर डासासारखा गुणगुणू लागतो
आणि पट्टी हिरवी होते.
एका बाजूने पेटत येत नाही. सगळीच, एकदम.
तिला वात नाही, तार नाही,
ती कुणाचे डोळे दिपवत नाही.

काही पट्ट्या रक्तदाबाच्या यंत्रात जातात,
काही मनगटावरच्या घड्याळात,
काही इस्पितळाच्या जिन्याच्या कडेला,
जिथे धूर झाला तर माणसं
पावलांनी वाट वाचतील.

कोपऱ्यात काळा ठिपका दिसला
की खाडीची हवा आत शिरली म्हणायचं,
आणि लाल पेनाने फुली.
अशीच एक फुलीवाली, देवस्थळी साहेबांना विचारून,
घरी घणसोलीला आणली.

बाची उमर मिठागरात गेली.
पांढऱ्या उन्हाने डोळ्यांवर साय धरली आहे.
त्याने पट्टीवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिला.
‘बाय, यो गरम नाय लागत.
मंग जलतं काय?’

काही जळत नाही, बा.
सेकंदाला चारशे हेलकावे खाते वीज आत,
जशी भरती-ओहोटी वेडी झाली.
त्या ओढीत इलेक्ट्रॉन सैरावैरा पळतात,
वाटेत तांब्याचा थांबा लागतो,
तिथे येऊन ते खाली बसतात.
बसताना हातातलं सुटतं,
तेवढाच उजेड.

पळताना नाय?
नाही. बसताना.

तो बराच वेळ बोलला नाही.
इन्व्हर्टर तेवढा गुणगुणत होता.
मग म्हणाला,
‘मिठाचा पन तसाच.
पानी हलतंय तवर काय नाय.
बसला, का मीठ.’

पाच वर्षं कंपनीत आहे मी.
हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

पट्टी आता मोरीच्या वाटेवर लावली आहे,
भिंतीला, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर.
रात्री दोनदा उठतो, हिरव्याच्या कडेकडेने जातो.
एकदा बोलून गेले,
काही हजार तास चालते, मग निम्मी होते.
तेव्हापासून रोज पहाटे, चहाच्याही आधी,
तो चाचपत जातो आणि बटण बंद करतो.
मोजून भरलेल्या पोत्यातून
कुणी मूठभर उचललं तर ओरडायचा,
तसा आता उजेडावर बसून असतो.

कोपऱ्यातला ठिपका
रुपयाएवढा झाला आहे.
त्याला तो दिसत नाही.
मीही अजून
फुलीबद्दल काही बोललेले नाही.