कलईगराची फाइल

मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे बुडालात तर कायदा वेगळा,
अलीकडे बुडालात तर वेगळा.
हे मला कोर्ट नाक्यावरच्या टायपिस्टने सांगितलं
कार्बन सरळ करता करता,
जणू बुडण्यालाही महापालिकेची हद्द असते.

"तुम्ही ठाण्याच्या. म्हणजे वीस सालचा कायदा.
पाचशे रुपये देणं असलं तरी अर्ज चालतो."
पाचशे!
मी हसले, कितीतरी दिवसांनी.
तेवढ्याचा नुसता पिवळा धागा जायचा
एका शाळेच्या बिल्ल्यांना.

दिवाळखोर हा शब्द घरी जो तो वापरून गेला,
धाकटे दीर तर चप्पल न काढता, दारातूनच.
कोर्टात म्हणतात नादार.
जिन्यात दोनदा म्हणून पाहिला.
आमच्या शाळेत नादारी म्हणजे फी माफ.
बाई वर्गात तीन नावं वाचायच्या,
तिसरं माझं,
आणि मी दप्तराचा बंद चावत बसायचे.

नमुना कुणाकडेच नव्हता.
वकील म्हणाले, असे अर्ज आता करतं कोण,
लोक नंबर बदलतात, नाहीतर गाव.
माझा नंबर सतरा शाळांच्या शिपायांना पाठ आहे.

म्हणून रेकॉर्ड रूम.
शोधाचा अर्ज, त्याला तिकीट, मग सोमवारी या,
मग तो सोमवार नव्हे, पुढचा.
शेवटी उघडे मॅडमनी नाकाला ओढणी बांधून
खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला,
लाल फडक्यातला, एक कोपरा वाळवीने नेलेला.

सन अठ्ठावन्न. अर्जदार लतीफ हुसेन कलईगर,
राहणार राबोडी, धंदा भांड्यांना कल्हई.
एकूण देणं आठशे बारा रुपये सदतीस नये पैसे.
कथिलाचा व्यापारी. कोळशाची वखार.
मेहुणा, रुपये साठ, तोंडी, व्याज नाही.
मालमत्ता: भाता एक. चिमटे तीन.
नवसागर, अंदाजे पाव शेर.

पाव शेर नवसागर कोण विचारणार होतं त्याला?
पण लिहिला.
भात्यापुढे निराळ्या शाईत, निराळ्या हाताने:
धंद्याचं हत्यार, जप्तीतून वगळावं.
स्वयंपाकाची भांडी वगळावीत.
अंगावरचे कपडे वगळावेत.
मी वाचत होते आणि एकेक वस्तू
त्या माणसाच्या घरात परत ठेवल्यासारखी वाटत होती.

वन्संच्या पाटल्या मी यादीतून गाळल्या होत्या.
घरातलं घरात, म्हणून.
मेहुण्याचे साठ रुपये पाहिले
आणि पेन मागून घेतलं.

नकलेच्या फॉर्मवर रकाना होता: पक्षकाराशी नातं.
"रेघ मारा," मॅडम म्हणाल्या.
मारवेना. तसाच कोरा दिला. त्यांनीच मारली.

शेवटचं पान रोजनाम्याचं.
नादार जाहीर. दोन वर्षांच्या आत
मुक्ततेसाठी अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा.
मग तारीख, पुकारा केला, अर्जदार गैरहजर.
तारीख, पुकारा, गैरहजर.
तिसऱ्यांदाही.
पुढे कागद संपतात.

त्याला कुणी सांगितलंच नसेल
की आत जायला एक अर्ज लागतो आणि बाहेर यायला दुसरा.
किंवा कळलं असेल, पण त्या दिवशी
खारकर आळीत कुणाच्या लग्नाची पातेली असतील,
भाता तापलेला, आणि तो म्हणाला असेल, थांबा, एवढी करून जातो.

घरी येऊन दुसऱ्या अर्जाची मुदत
गॅसच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली,
खाली लाल रेघ.
मग यादीला बसले.
वागळे इस्टेटचा गाळा, भाड्याचा, भाडं पाच महिने थकीत.
वन्संच्या पाटल्या दोन, तोंडी, व्याज नाही.
भरतकामाचं मशीन एक, सहा सुयांचं.
थोडं थांबून पुढे लिहिलं:
चार चालतात.