हाडाची शिक्षिका

नववीच्या फळ्यावर मी तीन बाण काढते.
अल्फा कागदानं अडतो.
(गिळला, श्वासातून गेला, तर मात्र आतून पोखरतो,
हे मी वेगळ्या खडूनं लिहिते.)
बीटाला पातळ पत्रा पुरतो.
गॅमाला शिसं लागतं, हातभर भिंत लागते,
तरी थोडा निसटतोच.

मागच्या बाकावरून इलगिझ विचारतो:
झैतुना आपा, कागद म्हणजे कुठला?
वहीचा, की शिक्क्याचा?

वर्ग हसतो.
खिडकीतून तेचा दिसते, गुडघाभर पाण्याची,
काठानं काटेरी तार, तारेवर पाटी.
बदकांना पाटी वाचता येत नाही.
ती खुशाल तारेखालून जातात
आणि संध्याकाळी आपापल्या घरी येतात.

मी चार वर्षांची होते.
वरच्या अंगाला, नकाशात नसलेल्या गावात
एक कारखाना होता, आणि त्याचं सांडपाणी
आमच्याच नदीला मिळत होतं.
आई त्या पाण्याचा चहा करायची, दूध घालून.
गायही तेच पाणी प्यायची.
दुधातून स्ट्रॉन्शियम आलं.
वाढत्या हाडांना ते कॅल्शियमच वाटलं,
घरचंच कुणी समजून त्यांनी ते आत घेतलं,
बसायला जागा दिली.

शहरातल्या दवाखान्यात दर दोन वर्षांनी
एक बाई माझ्या पुढच्या दातांवर यंत्र टेकवते.
हसल्यासारखं करा, म्हणते.
मी करते.
ती आकडा वहीत उतरवते
आणि वही माझ्याकडून पलीकडे वळवते.

मिद्खतला तर यंत्रही लागलं नाही.
एकोणिसाव्या वर्षी हिरड्यांतून रक्त,
मांडीवर निळे डाग, कुणी न मारता.
दाखल्यावर लिहिलं: अशक्तपणा.
खाली सही, खाली शिक्का.
माझ्या भावाचा तो एक कागद, घडी घातलेला,
त्यानं तिन्ही अडवले,
गॅमासुद्धा.

लोक कौतुकानं म्हणतात, झैतुना हाडाची शिक्षिका.
खरं आहे.
हाडात माझा तास अजून चालू आहे.
निम्मा संपायला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं,
उरल्यातला निम्मा संपायला पुन्हा तेवढीच.
घंटा कोण देणार, माहीत नाही.

इलगिझ अजून उभाच आहे.
परीक्षेत वहीचाच लिही, मी म्हणते,
मार्क मिळतील.
तो बसतो, लिहायला लागतो.

आणि ऐक,
उत्तराखाली रेघ मारू नकोस.